होस्ट फॅमिलीत राहायला जाताय? सोलापूरच्या घरातून निघण्याआधी आणि तिथे पोचल्यावर

आमच्याकडे जेवायला बसलेल्या माणसाला भाकरी हवी का असं विचारत नाहीत, वाढतात. तो नको म्हणतो, आपण अर्धी तरी घ्या म्हणतो, तो ताटावर हात आडवा धरतो आणि तरी बोटांच्या फटीतून चतकोर ताटात पडतेच. जुळे सोलापुरातल्या घरात मी बावीस वर्षं अशीच जेवले. मग शिकायला आयर्लंडमध्ये कॉर्कला गेले. पहिल्याच संध्याकाळी यजमान बाईंनी उकडलेल्या बटाट्यांचं भांडं पुढे करून विचारलं, आणखी घेणार का? मी सवयीने "नो, थँक यू" म्हटलं. त्यांनी हसून भांडं उचललं, झाकण लावलं आणि फ्रिजमध्ये ठेवून दिलं. तेव्हा पावणेसात वाजले होते. रात्री अकराला मी बॅग उघडून आईने दिलेली कडक भाकरी कोरडीच खाल्ली, आवाज होऊ नये म्हणून तोंडात मऊ करून.

त्या बाईंचं काहीच चुकलं नव्हतं. त्यांनी विचारलं, मी नको म्हटलं, त्यांनी माझ्या शब्दाचा मान ठेवला. एवढं उमगायला मला दोन आठवडे लागले, आणि हा लेख मुख्यतः ते दोन आठवडे वाचावेत म्हणून लिहिते आहे. परक्या घरात राहणाऱ्या आपल्या मुलामुलींची बहुतेक दुखणी एकाच जागी सुरू होतात. आपल्याला वाटतं, समोरचा समजून घेईल. समोरच्याला वाटतं, हवं असेल तर सांगेल. दोघंही भली माणसं असतात आणि दोघंही वाट बघत राहतात.

आधी घर कोणत्या प्रकारचं आहे ते बघा

होस्ट फॅमिली या एका शब्दाखाली तीन निरनिराळे व्यवहार चालतात. रोटरी यूथ एक्स्चेंजसारख्या योजनेतून १५ ते १९ वयाची मुलं जातात. तिथे कुटुंब राहण्याजेवणाचे पैसे घेत नाही, आणि वर्षभराच्या मुक्कामात बहुधा एकाहून जास्त घरांत राहावं लागतं. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, कॅनडा इथे होमस्टे असतो: आठवड्याच्या हिशेबाने पैसे, त्यात खोली आणि ठरलेली जेवणं, मध्ये बहुतेक वेळा कॉलेज किंवा एजन्सी. तिसरा प्रकार आयर्लंडचा. मालक स्वतः राहतो त्याच घरातली एक खोली भाड्याने घ्यायची, याला तिकडे "डिग्ज" म्हणतात. तिथे घरांची टंचाई आहे, त्यामुळे एमएससाठी जाणारी आपली बरीच मुलं निदान पहिलं सत्र डिग्जमध्ये काढतात. माझा अनुभव डिग्जचा, म्हणून कागदपत्रांचे तपशील आयर्लंडचे देते. घरात वागण्याच्या गोष्टी मेलबर्नला गेलात तरी उपयोगी पडतील.

डिग्जमध्ये कायद्याने तुम्ही भाडेकरू नसता, मालकाच्या परवानगीने राहणारे असता. भाडेकरूला मिळणारं संरक्षण तुम्हाला नसतं. मालकाने रास्त मुदत देऊन जा म्हटलं, तर जावं लागतं. दुसऱ्या बाजूने, राहत्या घरातली खोली दिली तर वर्षाला १४,००० युरोपर्यंतच्या भाड्यावर मालकाला आयकर लागत नाही. म्हणून मुलं बाहेर पडलेली, दोनच माणसं उरलेली घरं खोली द्यायला तयार होतात. त्यांना पैसेही हवे असतात आणि घरात कुणीतरी असावं असंही वाटत असतं. दोन्ही खरं आहे. यातली एकच बाजू धरून गेलात की मन दुखावतं.

होकार देण्याआधी काय विचारायचं

हे फोनवर विचारू नका, ईमेलवर विचारा. फोनवर आपण लाजतो, शिवाय पुढे कोण काय म्हणालं त्याचा पुरावा राहत नाही.

महिन्याचं भाडं किती, डिपॉझिट किती आणि ते कोणत्या अटीवर परत मिळेल, हे तर सगळेच विचारतात. न विचारलेले प्रश्न पुढे नडतात. खोली सातही दिवस आहे की सोमवार ते शुक्रवार? तिकडची मुलं शुक्रवारी आपापल्या गावी जातात, म्हणून कितीतरी डिग्ज पाच दिवसांचे असतात. शनिवारी सकाळी तुम्ही कुठे जाणार? जेवण भाड्यात आहे का, आणि नसेल तर स्वयंपाकघर कोणत्या वेळात वापरता येईल? नुसतं "किचन वापरता येईल" यावर समाधान मानू नका. आमच्या सोलापूरच्याच एका मुलाला घरी गेल्यावर कळलं की किचन म्हणजे किटली आणि मायक्रोवेव्ह. हीटिंगचं बिल भाड्यात आहे की वेगळं? घरात कुत्रा-मांजर आहे का? नाताळात मला घरात राहता येईल का?

आणि एक प्रश्न कधीही विसरू नका: मी तुमच्या घरी राहते असं पत्र आणि पत्त्याचा पुरावा द्याल का? ९० दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या विद्यार्थ्याला तिथे नोंदणी करून आयआरपी कार्ड (तिथे राहायच्या परवानगीचं ओळखपत्र) काढावं लागतं, त्याची फी ३०० युरो आहे. पीपीएस नंबर (नोकरी आणि सरकारी कामांसाठी लागणारा ओळख क्रमांक) आणि बँकेचं खातं यांनाही पत्त्याचा कागद लागतो. विजेचं बिल मालकाच्या नावावर असतं, त्यामुळे त्यांच्या पत्राशिवाय तुमचं काम अडतं. काही मालक असं पत्र देत नाहीत. ते आधी कळलेलं बरं.

पैसे भरण्याआधी व्हिडिओ कॉल हवाच. खोली, बाथरूम, किचन दाखवायला सांगा. डिग्जमध्ये मालक घरातच राहत असतो, तेव्हा "मी सध्या परदेशात आहे, पैसे पाठवा, चावी कुरिअरने येईल" असं कुणी म्हणालं की तिथेच थांबायचं. हे फसवणुकीचं नेहमीचं सोंग आहे. घरच्यांनी त्या कॉलवर पाच मिनिटं येऊन नमस्कार करावा, पण बोलणं मुलामुलीनेच करावं. वडील भाड्याची घासाघीस करताहेत आणि मुलगी मागे गप्प उभी आहे, या चित्रातून समोरच्याला वाटतं की उद्या नळ बिघडला तरी फोन सोलापूरहून येणार.

भाडं कमी करतो, त्या बदल्यात आमची मुलं सांभाळ, असं कुणी सुचवलं तर नाही म्हणा. तास मोजले जात नाहीत आणि अभ्यासाचे तासच त्यात जातात.

बॅग भरताना

आयर्लंड युरोपीय संघात आहे, आणि संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला सामानात मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे साजूक तूप, पेढे, खवा राहिला घरी. आज्जीने कितीही डबा पुढे केला तरी. ताजा कढीपत्ताही नको, वाळवून न्या.

आपल्याकडचा प्रवासाला सगळ्यात चांगला पदार्थ म्हणजे ज्वारीची कडक भाकरी. तिला दूध-तूप लागत नाही, वास येत नाही, नीट वाळलेली असली की आठवडेच्या आठवडे टिकते. कपड्यांच्या दोन थरांमध्ये सपाट ठेवली तर फार मोडत नाही.

शेंगा चटणीबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. सोलापूरच्या बॅगेत ती असतेच. उखळात तेल सुटेपर्यंत कुटलेली, लालभडक. पण शेंगदाण्याची ॲलर्जी ही तिकडे नेहमी कानावर येणारी, गंभीर गोष्ट आहे. ज्याला ती तीव्र असते त्याच्या पोटात दाण्याचा कण गेला तरी घसा सुजून श्वास कोंडू शकतो. बरणीतला चमचा चुकून दुसऱ्या भांड्यात गेला, तेलकट ओट्यावर लहान मुलाचा हात पडला, एवढंही पुरतं. आमच्या बाईंचा नातू रविवारी यायचा आणि त्याला ही ॲलर्जी होती. मी निघण्याआधी ईमेलमध्ये विचारलं होतं म्हणून कळलं. माझी चटणी आईने बॅगेतून काढून जवसाची आणि कारळ्याची भरून दिली. तुम्हीही आधी विचारा: घरात किंवा येणाऱ्या-जाणाऱ्यात कुणाला दाण्याची, तिळाची, कशाचीही ॲलर्जी आहे का? असेल तर बरणी नेऊच नका. "मी वेगळा चमचा ठेवेन" हा इथे उपाय होत नाही.

भेटवस्तू म्हणून सगळे सोलापुरी चादर सुचवतात. चादर उत्तमच, पण जड असते आणि विमानात किलो मोजतात. मी टेरीचे चार नॅपकिन आणि एक हातटॉवेल नेला. आपल्या गावचं, रोज हाताला लागणारं. बाईंनी ते पाहुण्यांसाठी जपून न ठेवता स्वयंपाकघरात टांगले, याचा मला फार आनंद झाला. देताना गाव सांगा, माग सांगा. पहिल्या संध्याकाळी बोलायला तेवढाच विषय होतो.

पहिली संध्याकाळ

पोचल्यावर झोपायची घाई करू नका. अर्धा तास उभ्याउभ्या घर समजून घ्या आणि वहीत लिहा. वाय-फाय, दाराचं कुलूप (कितीतरी दारं ओढली की आपोआप लागतात आणि चावी आत राहते), रात्री उशिरा आलात तर कोणता दिवा लावायचा, कोणता बंद करायचा, चपला-बूट कुठे, कचऱ्याचे डबे कोणते. घराचा पत्ता आणि एअरकोड (तिकडचा पिनकोड) फोनमध्ये ठेवा, आणि आपत्तीचा नंबर ११२ किंवा ९९९ हेही.

हाक कशी मारायची तेही विचारून घ्या. बहुतेक जण पहिल्या नावाने हाक मारायला सांगतील. आईच्या वयाच्या बाईला नुसत्या नावाने हाक मारताना जीभ अडखळते, माझीही आठवडाभर अडखळली. पण "आंटी" त्यांना परकं वाटतं आणि "मॅडम" तर त्याहून परकं. नाव घ्या. आदर आवाजात असतोच.

मग जेवण. नको असेल तर नको, हवं असेल तर पहिल्याच वेळी हो. दुसऱ्यांदा विचारतील या आशेवर राहू नका. पोट भरलं नसेल तर "आणखी थोडं मिळेल का?" असं म्हणणं तिथे हावरटपणाचं मानत नाहीत, उलट रांधणाऱ्याला बरं वाटतं. गंमत म्हणजे आमच्या घरी चहाला भरपूर आग्रह व्हायचा. जेवणाला एकदा विचारणाऱ्या बाई चहाला तीनदा विचारायच्या. प्रत्येक घराचं आग्रहाचं एक ठिकाण असतं, ते हळूहळू सापडतं.

स्वयंपाकघर

"मी व्हेजिटेरियन आहे" एवढं सांगून भागत नाही. कुणाच्या हिशेबात मासा चालतो, कुणी भाज्यांचं सूप चिकनच्या स्टॉकमध्ये करतं आणि त्यात मांसाचा तुकडा नाही म्हणून ते शाकाहारीच मानतं. जेलीत जिलेटिन असतं. म्हणून नावं घेऊन सांगा: मांस नाही, मासा नाही, त्यांचा रस्सा किंवा स्टॉक नाही, अंडं चालतं किंवा चालत नाही, दूध-चीज चालतं. एका कागदावर लिहून फ्रिजवर लावायला दिलं तर रांधणाऱ्याला सोपं जातं. उपास करत असाल तर आदल्या दिवशी सांगा. नाहीतर ताट परत गेलं की घरातल्यांना वाटतं, पोरगी आजारी आहे किंवा आपलं जेवण तिला आवडत नाही.

स्वतः रांधायचं असेल तर खरी परीक्षा फोडणीची. आपल्या घरात खिडक्या उघड्या, वर पंखा, ठसका लागला तर सगळे मिळून खोकतात. तिथे घर थंडीसाठी बंदिस्त असतं, जमिनीवर कार्पेट, आणि जिन्याजवळ छताला धुराचा अलार्म. मोहरी तडतडून मिरची पडली की वास पडद्यात आणि कोटात शिरतो, तो आठवडाभर निघत नाही. मी असं करायचे: आधी चुलीवरचा पंखा सुरू करायचा, किचनचं दार घट्ट लावायचं, खिडकी चार बोटं उघडायची, मगच तेल ठेवायचं. तेल धुरावू द्यायचं नाही. लाल मिरची जिऱ्यानंतर, आच कमी करून. रविवारी एकदाच मोठ्या वाटीभर फोडणी करून बाटलीत भरून ठेवायची आणि आठवडाभर वरणावर, उसळीवर चमच्याने घालायची. चव ताज्या फोडणीची येत नाही, पण घर शांत राहतं आणि अभ्यासाचा वेळही वाचतो.

हळद हा दुसरा विषय. पांढऱ्या ओट्यावर, लाकडी चमच्यावर, प्लॅस्टिकच्या डब्यावर पिवळा डाग बसला की सहज निघत नाही. स्वतःचा एक चमचा, एक डबा, एक छोटी कढई आणि भांडी घासायचा स्पंज घ्या, थोड्या युरोंत येतं. त्यांच्या नॉनस्टिक तव्यावर स्टीलचा कालथा चालवू नका. आणि भांडी लगेच धुवा. "सकाळी घासते" हे आपल्या घरी चालतं, तिथे सिंकमध्ये रात्रभर राहिलेली कढई सगळ्यांच्या नजरेत बसते.

फ्रिजमध्ये आपला कप्पा कोणता ते विचारून घ्या. न विचारता दूध घेऊ नका, एक कप चहापुरतंही. "चहा-दूध सगळ्यांचं" असं त्यांनी स्पष्ट म्हटलं की मग बिनधास्त घ्या. कचऱ्याचे डबे बहुधा तीन असतात: हिरवा पुनर्वापराचा, तपकिरी उष्ट्या-खरकट्याचा, काळा बाकीचा. चुकीच्या डब्यात टाकलं तर दंड किंवा बोलणी मालकाच्या वाट्याला येतात. कंपनीप्रमाणे रंग बदलतात, म्हणून हेही विचारा.

न्हाणीघर, गरम पाणी, हीटिंग

चार-पाच दिवसांआड नळाला पाणी येणाऱ्या शहरात वाढल्यावर पाणी जपून वापरायचं कुणी शिकवावं लागत नाही. हा आपला गुण आहे, तिथे उपयोगी पडतो. तिथे महाग असतं ते गरम पाणी. जुन्या घरांत पाण्याच्या टाकीत विजेचा हीटर असतो, त्याला "इमर्शन" म्हणतात. त्याच्या बटणावर "सिंक" आणि "बाथ" असे दोन पर्याय असतात. सिंकवर थोडंच पाणी तापतं, बाथवर पूर्ण टाकी. वापरून झालं की बंद करायचं. रात्रभर चालू राहिलं तर बिल फुगतं आणि घरात त्यावरून बोलणं होतंच. इलेक्ट्रिक शॉवर असेल तर त्याचा स्विच कधी दाराबाहेर, कधी छताला लोंबणाऱ्या दोरीवर असतो. तो आधीच दाखवून घ्या, अंगाला साबण लावून शोधायची वेळ आणू नका.

बादली-मग तिथे नसतो, आणि शॉवरच्या जागेबाहेर जमिनीला मोरी नसते. आपण न्हाताना जसं पाणी सगळीकडे जाऊ देतो तसं गेलं, तर ते खालच्या खोलीच्या छतातून झिरपतं. पडदा टबच्या आत सोडा, निघताना जमीन कोरडी करा, केस गोळा करून कचऱ्यात टाका. संडासात पाणी वापरायची सवय असेल तर एक झारी किंवा प्लॅस्टिकचा जग विकत आणून आपल्यापुरता ठेवा, घरातल्यांना एकदा सांगून टाका, विषय संपतो.

खोबरेल तेल थंडीत गोठतं, ते गरम पाण्याच्या कपात ठेवून पातळ करायचं. पण तेल लावून झोपताना उशीवर आपला जुना टॉवेल अंथरा, अभ्र्यावरचे तेलाचे डाग निघत नाहीत. तेलाने टब निसरडा होतो आणि तुमच्यानंतर तिथे सत्तरीचं माणूस अंघोळीला जाणार असतं, म्हणून न्हाऊन झालं की टब साबणाने घासा.

हीटिंग बहुतेक घरांत टायमरवर, सकाळ-संध्याकाळ ठराविक वेळ चालतं. ४० अंशांच्या उन्हातून गेलेल्या आपल्या अंगाला ते कमी पडतं. बटणाला हात लावण्याआधी आतून थर्मल, पायात लोकरीचे मोजे, अंथरुणात गरम पाण्याची पिशवी. तरीही थंडी वाजत असेल तर सांगा. कुडकुडत बसून खोकला ओढवून घेण्यात शहाणपण नाही. मी नोव्हेंबरात एकदा धीर करून म्हटलं, तर बाईंनी त्याच दिवशी माझ्या खोलीत छोटा हीटर आणून ठेवला आणि विचारलं, महिनाभर का बोलली नाहीस? ओले कपडे खोलीत हीटरवर टाकून दार बंद करू नका, दमटपणाने भिंतीला बुरशी धरते. कपडे कुठे आणि कोणत्या दिवशी धुवायचे, हेही ठरवून घ्या.

देवाजवळ दिवा किंवा उदबत्ती लावायची असेल तर आधी विचाराच. घरात लाकूड आणि कार्पेट असतं, विम्याच्या अटी असतात, काहींना धुराचा त्रास असतो. मी खोलीत बॅटरीचा दिवा ठेवला आणि दिवाळीत अंगणात पणत्या लावल्या. तेव्हा शेजारचीही दोघं येऊन उभी राहिली.

बोलणं, बसणं, दार

सोलापुरात आपण तीन-चार भाषांच्या गर्दीत वाढतो. माझ्या आजोळी पूर्व भागात एका भिंतीपलीकडे तेलुगू बोलणारं पद्मशाली कुटुंब होतं, दुसऱ्या भिंतीपलीकडे कानडी. एका दारातून "तिन्नावा?" यायचं, दुसऱ्यातून "ऊट आयता?", आणि आज्जी आतून विचारायची "जेवलीस का गं?" तिन्हींचा अर्थ एकच. दुसऱ्याच्या घरची रीत वेगळी असते आणि तरी त्याच्या ओट्यावर बसता येतं, हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. तेच तिकडे वापरायचं. १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेलेले डॉ. द्वारकानाथ कोटणीस सोलापूरचेच. त्यांनी चिनी भाषा शिकली, तिथेच संसार मांडला, १९४२ मध्ये तिथेच वारले. जर्मनी किंवा जपानला जाणाऱ्यांनी निदान घरातले शंभर शब्द पाठ करून जावं: चमचा, टॉवेल, दुखतंय, उशीर होईल.

इंग्रजीतही घोटाळे होतात. आयर्लंडमध्ये कपाटाला "प्रेस" म्हणतात, टाकीजवळच्या उबदार कपाटाला "हॉट प्रेस". "ग्रँड" म्हणजे भव्य वगैरे काही नाही, "ठीक आहे". "हाफ सिक्स" म्हणजे साडेसहा, पण जर्मनीत "हाल्ब झेक्स" म्हणजे साडेपाच. जेवणाची वेळ असेल तर हा एक तास महाग पडतो.

उशीर होणार असेल तर मेसेज करा. जेवायला येणार नसाल तर दुपारच्या आत. घरी पाहुणा आणायचा असेल तर दोन दिवस आधी विचारा, आणि रात्री मुक्कामाला आणायचा असेल तर "नाही" ऐकायची तयारी ठेवा. आपल्याकडे मैत्रीण न सांगता आली तर वरणात पाणी वाढवतात. तिथे मोजून रांधलेलं असतं.

दाराचं गणित आपल्या उलट. तिथे बंद दार म्हणजे राग नाही, पण ठोठावल्याशिवाय उघडायचं नाही, आणि घरातल्यांच्या बेडरूममध्ये तर पाऊलच नको. तरी दिवसभर खोलीत कोंडून घेतलंत तर त्यांना वाटतं, हिला आपल्याशी बोलायचंच नाही. मी एक नेम ठेवला होता: संध्याकाळी चहाची वीस मिनिटं फोन खोलीत ठेवून स्वयंपाकघरात बसायचं. त्यांच्या मुलांचे फोटो, हवामान, बसचा उशीर, एवढ्याच गप्पा. माझं बोली इंग्रजी वर्गापेक्षा त्या टेबलापाशी जास्त सुधारलं. आठवड्यातून एक दिवस तुम्ही रांधा. पोहे चालतील. तिखट अर्धं नाही, पाव करा.

घरचा फोन, गड्डा, नाताळ

हिवाळ्यात भारत आयर्लंडच्या साडेपाच तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेचार. आई-बाबा जेवून निवांत फोन करतात तेव्हा तिथे तुमच्या यजमानांची जेवणाची वेळ असते. सोलापुरी आवाज भिंती ओलांडतो. फोनची एक वेळ ठरवा, इअरफोन लावा, आणि घरच्यांना एकदा सांगा की उचलला नाही म्हणजे काही झालेलं नाही.

डिसेंबरात तिकडे सव्वाचारच्या सुमारास सूर्य मावळतो. ऑक्टोबरपासूनच मन जड होऊ लागलं तर ते सूर्याचंही आहे, तुमच्या एकट्याचं नाही. दुपारी उजेडात अर्धा तास चालून या. जानेवारीत सोलापुरात सिद्धेश्वरांची गड्ड्याची जत्रा येते. सिद्धेश्वरांच्या अक्षता सोहळ्याच्या दिवशी भावाने मला नंदीध्वज फोनवर दाखवले. इकडे भर दुपार, तिकडे नीट उजाडलंही नव्हतं. मी रडले, आणि बाईंना कारण सांगितलं. त्या शेजारी बसून शेवटपर्यंत बघत राहिल्या. पुढे दिवसभर जे प्रश्न विचारले, त्यांतून मलाच आपल्या गावाची बरीच माहिती गोळा करावी लागली. घरची आठवण लपवू नका. लपवलेलं रडणं घरातल्यांना रुसवा वाटतो.

नाताळचं आधी ठरवा. २५ डिसेंबरला आयर्लंडमध्ये बस आणि रेल्वे बंद असतात, दुकानंही जवळपास सगळी. घरी त्यांची मुलंबाळं येतात आणि तुमची खोलीही लागू शकते. नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच विचारा. जेवायला बोलावलं तर जा, छोटी भेट न्या, आणि भांडी पुसायला उठा.

बिनसलं तर

छोट्या कुरबुरी आठवड्याच्या आत, शांतपणे, समोरासमोर बोला. "तुम्ही नेहमी..." असं सुरू करू नका. काय घडलं आणि तुम्हाला काय हवं, तेवढंच सांगा: "सकाळी आठला मला तास असतो, सात ते सव्वासात बाथरूम मिळेल का?" माझ्या एका मैत्रिणीने दोन महिने गार पाण्याने अंघोळ केली आणि मग एक दिवस भडकून घर सोडलं. मालकाला शेवटपर्यंत कळलं नाही की इमर्शनचं बटण तिला कुणी दाखवलंच नव्हतं.

काही गोष्टी मात्र सहन करायच्या नाहीत: न विचारता खोलीत येणं, अंगचटीला जाणं, पासपोर्ट ठेवून घेणं, ठरल्याहून जास्त पैसे मागणं, वंशावरून बोलणं. त्याच दिवशी कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विभागाला किंवा विद्यार्थी संघटनेला लिहा, धोका वाटत असेल तर बाहेर पडून ११२ ला फोन करा. घरच्यांनाही सांगा. "आई काळजी करेल" म्हणून गप्प राहिलात तर मदत उशिरा मिळते. डिग्जचं डिपॉझिट अडकवलं तर २,००० युरोपर्यंतच्या रकमेसाठी स्मॉल क्लेम्समध्ये (छोट्या रकमांच्या दाव्यांची कोर्टातली सोय) दावा करता येतो. त्यासाठीच ते सगळे ईमेल जपून ठेवायचे. प्रत्येक महिन्याचं भाडं बँकेतून द्या, रोख दिलंत तर पावती घ्या.

आणि घर वाईट नाही, माणसंही चांगली आहेत, पण जमत नाही, असंही होतं. तेव्हा मुदत देऊन, आभार मानून बदला. यात कुणाचाच अपमान नाही.

निघताना

महिनाभर आधी लेखी कळवा. राहायला आलात त्या दिवशी खोलीचे फोटो काढले असतील (काढाच), तर निघताना तसेच पुन्हा काढा. चादरी, अभ्रे काढून धुवायला टाका, फ्रिजमधला आपला कप्पा पुसा, मसाल्याच्या अर्धवट पुड्या मागे ठेवू नका. कढई त्यांना हवी का विचारा. आमच्या बाईंनी ठेवून घेतली.

नवा पत्ता इमिग्रेशनला, बँकेला आणि कॉलेजला कळवा. तरीही जुन्या घरी तुमच्या नावाची पत्रं येत राहतात. एक पाकीट, त्यावर नवा पत्ता आणि तिकीट लावून बाईंच्या हातात देऊन या, आणि महिन्याभराने पत्र घ्यायच्या निमित्ताने एकदा चहाला जा. चावी टेबलावर ठेवून निघू नका, हातात द्या.